एकच लेन्स घ्यायची तर...

शनिवार आहे, पोहे झालेत, लॅपटॉप ऑफिसचाच असला तरी व्हीपीएन बंद आहे. तेव्हा आज जरा भांडून घेऊ.

दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणीतरी एकच प्रश्न विचारतं. कधी टीममधला नवीन मुलगा, कधी बायकोची मैत्रीण, कधी गावाकडचा कुणी. "कॅमेरा घेतलाय. क्रॉप सेन्सर आहे. सोबत आलेल्या १८-५५ चा कंटाळा आला. आता एकदाच काय तो खर्च करणार आणि एकच लेन्स घेणार. १८-३०० घेऊ ना?" म्हणजे निर्णय झालेला असतो, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. आणि मी म्हणतो, "नको."

मग 'का नको?' येतं आणि मशीनमधली कॉफी गार होईपर्यंत मी बोलत बसतो. एकदा सगळं लिहून टाकलं की पुढच्या वेळची कॉफी तरी गरम मिळेल, एवढाच आजचा हेतू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना लगेच उठून जाता येईल. क्रॉप सेन्सरवर सगळ्या कामांसाठी एकच झूम ठेवायची असेल तर ती १६-१७ मिमीपासून सुरू व्हावी, ५० ते ७० च्या मधे कुठेतरी संपावी आणि तिचं छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडावं. त्यापुढचं लांबचं सगळं तूर्त सोडून द्यावं.

आता कारणं. पण त्याआधी 'क्रॉप' या शब्दाचं जे भूत करून ठेवलंय ते उतरवू. लेन्सला आपल्यामागे केवढा सेन्सर आहे ते माहीत नसतं. ती बापडी आत एक गोल प्रतिमा पाडते, तव्यावरच्या भाकरीसारखी. त्या भाकरीतून जुन्या फिल्मच्या मापाचा, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा चौकोन कापला तर तो फुल फ्रेम. साधारण २३.५ बाय १५.६ चा कापला तर तो आपला क्रॉप सेन्सर (कॅननचा अजून थोडा लहान). भाकरी तीच, तुकडा लहान. त्यामुळे कडेचं दृश्य सुटतं आणि १८ मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या २७ मिमीसारखी दिसते, कॅननवर जवळजवळ २९ सारखी. लेन्स १८ चीच राहते, फक्त आपल्या वाट्याला आलेलं दृश्य अरुंद होतं. दीडपट किंवा १.६ पटीचा हिशोब तो एवढाच.

एवढं कळलं तरी अर्धे लोक एक महागडा उद्योग करायचे थांबतील. तो उद्योग म्हणजे 'पुढे फुल फ्रेम घेणारच आहे' म्हणून आजच क्रॉपवर २४-७० नाहीतर २४-१०५ लावून ठेवणं. लहानपणी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचे ना, तसं. बाह्या दुमडून दोन वर्षं काढायची, आणि अंगाला नीट बसेपर्यंत कापड विटलेलं. क्रॉपवर २४ म्हणजे ३६ सारखं. घरात, वाड्यात, मंदिराच्या सभामंडपात उभं राहिलात की पाठ भिंतीला टेकते आणि तरी निम्मं कुटुंब फ्रेमबाहेर. आज ज्या कॅमेऱ्याने फोटो काढताय त्याची लेन्स घ्या. पुढचं पुढे.

रुंद बाजूचा एकेक मिलिमीटर किती महाग असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण २५० आणि ३०० मधला ५० चा फरक मोठा वाटतो आणि १६ आणि १८ मधला २ चा किरकोळ. हिशोब उलटा आहे. पाच मीटरवर उभं राहून समोरच्या भिंतीचा फोटो काढला तर १८ मिमीला साधारण साडेसहा मीटर भिंत मावते, १६ ला सव्वासात मीटरच्या वर. म्हणजे अजून दोन माणसं. आमच्या गावच्या माळवदाच्या घरात तीन पिढ्यांचा ग्रुप फोटो काढताना ती दोन माणसं म्हणजे बहुतेक वेळा आत्या आणि मामा असतात, आणि त्या दोघांना कापलं तर पुढची पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं. :)

माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गपासून जवळ. (उस्मानाबादचं धाराशिव अधिकृतपणे २०२३ मधे झालं, आमच्या घरी आजी आधीपासूनच धाराशिव म्हणायची.) कुणी लेन्सबद्दल विचारलं की माझ्या डोक्यात आपोआप नळदुर्गचा किल्ला येतो. लेन्सची परीक्षा घ्यायला याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूर-हैदराबाद हायवेवर बोरी नदीच्या काठी हा प्रचंड भुईकोट पसरलाय. शेजारच्या रणमंडळ टेकडीपर्यंत नदीवर धरणाची दगडी भिंत आहे आणि त्या भिंतीच्या पोटात पाणी महाल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. भिंतीच्या आतून जिना उतरत जातो आणि खाली छोटं दालन. पावसाळ्यात धरण भरलं की भिंतीवरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. तेव्हा दालनाच्या खिडकीसमोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि तुम्ही आत कोरडे उभे. चारशे वर्षांपूर्वी हे सुचलेल्या माणसाला मी मनातल्या मनात आर्किटेक्ट म्हणतो, आणि आमच्याकडे पदनामात आर्किटेक्ट लावून फिरणाऱ्यांना दुसरं काहीतरी. असो.

आता तिथे फोटो काढायचाय. जिना अरुंद आणि अंधारा. मागे सरकायला जागा नाही, म्हणजे रुंद कोन पाहिजे. प्रकाश नाही, म्हणजे मोठं छिद्र पाहिजे. ट्रायपॉड लावायचा तर मागून येणारी सोलापूरची अख्खी कॉलेज ट्रिप खोळंबते, म्हणजे हातात धरूनच काढायचा. आतून खिडकीकडे कॅमेरा केला की बाहेरचा उजेड थेट भिंगावर येतो. इथे सुपरझूमची पंचाईत होते. टॅमरॉनची १८-३०० घ्या, तिच्यात १९ भिंगं आहेत. सिग्माच्या १८-५० एफ/२.८ मधे १३. हल्लीचं कोटिंग उत्तम असतं, मान्य, पण प्रत्येक भिंगाचे दोन पृष्ठभाग उजेड इकडेतिकडे उडवतातच. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ३०० मिमीची त्या जिन्यात एक टक्काही गरज नसते.

बाहेर आलात की धबधबे समोरून घ्यायचेत. १७-१८ मिमी पुष्कळ. तुषार उडत असतात, तेव्हा लेन्सला जोडावर तरी रबरी सील असलेलं बरं. नवबुरुजाच्या पाकळ्या उन्हात छान उठतात, त्यांना ३५-५० पुरतं. उपळी बुरूज खालून घ्यायचा तर १६-१७, वर चढून हत्ती तोफ आणि मगर तोफ घ्यायच्या तरी १६-१७. लांब तोफेच्या तोंडाजवळ रुंद लेन्स नेली की जे नाट्य तयार होतं ते २०० मिमीने लांबून काढलेल्या फोटोत येत नाही. परांड्याच्या किल्ल्यातल्या तोफांनाही तेच लागू. (विजापूरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ आधी परांड्यालाच होती. आमच्या जिल्ह्याचं काय काय बाहेर गेलं याची यादी आमच्याकडे तयार असते, त्यात मी मीही आलो म्हणा.) तेरला त्रिविक्रम मंदिर म्हणजे विटांचं, आत अंधार, तिथे पुन्हा एफ/२.८. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. परवानगी मिळाली तर तिथे लागते ती जवळून फोकस होण्याची सोय. सिग्माची १८-५० रुंद टोकाला जवळजवळ १२ सेंटिमीटरवर फोकस होते. कोपऱ्यातल्या मण्याचा फोटो काढायला वेगळी मॅक्रो घ्यायची गरज उरत नाही.

संपूर्ण दिवसात लांबची लेन्स लागली कुठे? उपळी बुरुजावरून पलीकडे रणमंडळाकडे बघताना, एकदा. तो फोटो ५० ने काढून घरी कापला तर २४ मेगापिक्सेलमधून भिंतीवर लावण्याएवढा सहज निघतो.

हे फक्त माझं मत नाही, तुमचंही तेच असण्याची दाट शक्यता आहे. तपासून बघा. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमधे तो किती मिमीला काढला ते लिहिलेलं असतं. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने सगळ्या फोटोंची माहिती एका फाइलमधे ओतायची आणि एक्सेलमधे आलेख काढायचा. कोडिंग येत असेल तर पायथॉनच्या वीस ओळी. मी माझ्या पाच वर्षांच्या फोटोंवर ही स्क्रिप्ट चालवली तेव्हा डाव्या टोकाला भला मोठा डोंगर दिसला, ५० च्या आसपास एक टेकडी, आणि १३५ च्या पुढे जवळजवळ माळरान. त्या माळरानावरचे निम्मे फोटो चंद्राचे. चंद्राचे फोटो प्रत्येकजण काढतो आणि सगळ्यांचे सारखेच येतात.

लेन्स घ्यायच्या आधी स्वतःचा हा आलेख बघा. आपण रिक्वायरमेंट न घेता कोड लिहिणाऱ्याला शिव्या देतो आणि लेन्स मात्र 'लागली तर' या भीतीपोटी घेतो.

बरं, हा सगळा हौसेचा मामला झाला. माझ्या चुलतभावाचं तसं नाही. त्याने गेल्या वर्षी सेकंडहँड निकॉन डी ५६०० घेतला आणि लग्नाचे फोटो काढायचं ठरवलं. त्याचा फोन आला.

"दादा, एक लेन्स सांग की. लगीनसराईच्या आत पाहिजे."

"बजेट?"

"पंचवीस हजार. आईनं बचत गटातून उचललेत."

आता बोला. इथे चुकीच्या सल्ल्याची किंमत मला नाही, काकूंना पडणार. दर महिन्याला हप्ता. त्याच्याही डोक्यात १८-३०० च होती, कारण शेजारच्या गावातला एक फोटोग्राफर तीच वापरतो आणि लांबलचक लेन्स बाहेर आली की पाहुण्यांवर छाप पडते. छाप पडते हे खरं आहे, धंद्यात त्यालाही किंमत आहे, हे मी नाकारत नाही.

मी त्याला एकच विचारलं, "मंगल कार्यालयात सगळ्यात अंधार कधी असतो?" म्हणाला, "हळद रात्रीची. अन् वरात." मग आम्ही फोनवर हिशोब केला. १८-५५ असो की १८-३००, ५० मिमीच्या आसपास गेलं की छिद्र एफ/५ च्या घरात बारीक होतं, ५५ ला किट लेन्स एफ/५.६ वर. कार्यालयातल्या दिव्यांत १/१०० सेकंद ठेवायचा तर आयएसओ ६४०० च्या आसपास लागतो. तेच एफ/२.८ ला चौपट प्रकाश आत येतो आणि आयएसओ १६०० वर भागतं. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावरची हळद पिवळी दिसणं आणि चिखलासारखी दिसणं. अल्बम छापल्यावर तो फरक नवरीच्या आईला न सांगता कळतो.

तो म्हणाला, "पण तिच्यात ते हात हलला तरी चालायचं असतंय की." म्हणजे स्टॅबिलायझेशन. असतं, आणि मोलाचं असतं. पण ते तुमच्या हाताचा थरथराट थांबवतं, वरातीत नाचणाऱ्या मामाचा नाही. पाणी महालातला दगड चारशे वर्षं हललेला नाही, तिथे १/१० सेकंदही चालेल. माणसाला शटरच लागतं, आणि शटरला प्रकाश.

(१/१०० च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्याहून जोरात शटर मारलं की फोटोवर काळपट पट्टे येतात. अक्षतांचा फोटो १/१०० ला काढला की तांदळाच्या रेघा दिसतात. मला त्या आवडतात.)

सुपरझूमच्या बाजूने एक जबरदस्त मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. तो म्हणजे धूळ. पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा भरते. देव अणदूरहून तिथे आलेला असतो. यात्रेत भंडारा उधळला जातो, माणसं, बैल, झाडं, हवा, सगळं पिवळं. त्या गर्दीत लेन्स काढून दुसरी लावणं म्हणजे सेन्सरला भंडारा लावणं. कॅमेऱ्याला देवाचा प्रसाद मिळतो, सर्व्हिस सेंटरला तुमचा. त्यामुळे 'लेन्स बदलायचीच नाही' हे सुपरझूमवाल्यांचं तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. माझं एवढंच म्हणणं की मग जी एक लेन्स दिवसभर लावून ठेवणार ती दिवसभर उपयोगी पडणारी असू द्या. आणि दुसरं, जी झूम लेन्स फिरवताना दुपटी-तिपटीने लांब होते ती तेवढीच हवाही आत-बाहेर करते, आमच्या काकांच्या स्टोव्हच्या पंपासारखी. भंडारा सेन्सरवर नाही गेला तरी लेन्सच्या पोटात जातो. छोटी झूम थोडीच सरकते. पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावायचा, यात्रा झाली की ब्लोअरने झटकायचं. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, हळदीचा डाग काय असतो हे घरातल्या बाईला विचारा.

आता जरा अवघड मुद्दा. लांबच्या लेन्सचा सगळ्यात जास्त वापर होताना मी कुठे पाहिलाय? तुळजापूरला, नवरात्रात. पुण्याहून, हैदराबादहून ग्रुप येतात, आपल्यातलेच, आयटीतले. रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि लांबून आराधी बायकांचे चेहरे टिपतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर कुंकू, हातात परडी, दिवसभर चालून आलेला थकवा. फोटो सुंदर येतात यात वाद नाही. पण त्या बाईला पत्ताच नसतो की आपला फोटो निघालाय, आणि महिन्याभरात तो कुठल्यातरी स्पर्धेत 'श्रद्धा' या नावाखाली लागलेला असतो. ३०० मिमी पक्ष्यांसाठी आहे, कारण पक्षी जवळ गेलं की उडून जातो. आमच्याकडची बाई उडून जात नाही. तिच्याशेजारी जाऊन बसलं, "मावशी, कुठून आलात?" विचारलं, तर ती गाव सांगते, तुमचं गाव विचारते, लग्न झालंय का तेही विचारते. मग फोटो काढू का म्हटलं तर बहुतेक वेळा पदर नीट करून बसते. कधी "नको बाबा" म्हणते, तेव्हा नाही काढायचा. ५०-७० मिमीच्या लेन्सने हे करावंच लागतं, पर्याय नसतो. माझ्या आजीने आयुष्यभर अशीच वारी केली. तिचा असा लांबून काढलेला फोटो कुणाच्या तरी भिंतीवर असेल आणि आमच्याकडे नसेल, ही कल्पना मला सहन होत नाही.

तुम्हाला हे भावनिक वाटेल. वाटू दे. तांत्रिकदृष्ट्याही दीड-दोन मीटरवरून ५०-७० ला काढलेल्या चेहऱ्यात जो जिवंतपणा असतो, मागचं आवारही जसं थोडं दिसत राहतं, ते लांबून आवळलेल्या चेहऱ्यात नसतं.

पक्षी हवेच असतील तर? येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जायचंय, किंवा थंडीत एखाद्या तलावाकाठी बसायचंय? मग खरंच लांबची लेन्स पाहिजे, आणि ती वेगळी घ्या. कॅननची ५५-२५०, निकॉनची ७०-३००, सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात आणि लांबच्या टोकाला बहुतेक सुपरझूमपेक्षा उजव्या ठरतात. त्या दिवशी बॅगेत एक लेन्स जास्त. पक्षी बघायला गेलेला माणूस तसाही तंबू, पाणी, शेंगदाण्याची चटणी सगळं घेऊनच जातो.

मोबाइलबद्दलही बोलायला हवं, कारण आता कुणीतरी म्हणणारच, 'फोनमधे काय कमी आहे?' रुंद कोनाला, भर उन्हात, काहीच कमी नाही. फोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबाने साधारण २४-२६ मिमीची असते. पण अंधारात हलणारं माणूस आलं, की तिथे मोठा सेन्सर आणि एफ/२.८ लागतं. म्हणजे कॅमेरा बाळगायचा तर फोन जिथे संपतो तिथे कामाला येणारी लेन्स त्याच्यावर हवी. एफ/६.३ ची लेन्स लावून तोच फायदा घालवायचा असेल तर मग कॅमेरा कशाला, फोनच बरा.

गंमत म्हणजे ही सगळी खटपट फार जुनी आहे. स्थिर कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स १९५९ ची, फोक्टलँडर झूमार, फ्रँक बॅक या माणसाने घडवलेली. ती किती होती? ३६-८२ मिमी, एफ/२.८. आपल्या क्रॉपच्या भाषेत २४-५५. एकाच लेन्सने बरंचसं भागवायचं तर काय पाहिजे याचा अंदाज त्या माणसाला तेव्हाच होता, फक्त रुंद बाजू तेव्हा जमण्यासारखी नव्हती.

मग नक्की कुठली? मिररलेस असेल तर सोनी आणि फुजीवाल्यांसाठी टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ ही माझ्या मते आजची सगळ्यात शहाणी लेन्स. स्टॅबिलायझेशन आहे, सील आहेत, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. तेवढं वजन गळ्यात नको असेल तर सिग्माची १८-५० एफ/२.८, तीनशे ग्रॅमच्या आत, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ७० चं टोक नाही. २०२४ पासून ती कॅननच्या आरएफ माउंटसाठीही मिळते, त्यामुळे कॅननवाल्यांची रडारड थोडी कमी झालीय. फुजीची स्वतःची जुनी १८-५५ एफ/२.८-४ कुणी कमी पैशात देत असेल तर डोळे झाकून घ्या. म्हणजे डोळे उघडे ठेवूनच, पण घ्या. १६-८० एफ/४ फिरस्त्यांसाठी चांगली, लग्नवाल्यांसाठी नाही.

डीएसएलआर असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. सगळे मिररलेसकडे पळतायत आणि जाताना उत्तमोत्तम लेन्स टाकून चाललेत. सिग्मा १७-५० एफ/२.८, टॅमरॉन १७-५० एफ/२.८, कॅननची १७-५५ एफ/२.८, सिग्माची १७-७० एफ/२.८-४. निकॉनवाल्यांसाठी एक खड्डा सांगून ठेवतो. टॅमरॉन १७-५० च्या सुरुवातीच्या निकॉन आवृत्तीत मोटर नव्हती, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालायची. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत मोटर नाही. ती लावली की ऑटोफोकस बंद. विकणारा हे सांगत नाही, कधी त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून भावाला मी सिग्मा सुचवली, तिची मोटर तिच्यातच आहे.

सेकंडहँड बघताना स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. मोबाइलची बॅटरी मागून लावून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ परत द्या. मुंबई-कोकणातली लेन्स असेल तर दोनदा बघा. आमच्याकडच्या कोरड्या हवेत बुरशी कमी, धूळ जास्त, आणि आतले धुळीचे दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यांचा बाऊ करू नका. लेन्स तोंड खाली करून धरा, आपोआप घसरत असेल तर भाव पाडून मागा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, समोर सरळ उभं राहून एफ/२.८ ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर ठीक. तीन छान आणि एक धुरकट असेल तर आतली भिंगं तिरकी झालीत, ती कुणीतरी पाडलेली आहे, मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी.

भावाने शेवटी सोलापुरात एका फोटोग्राफरकडून सिग्मा १७-५० घेतली. सोबत तिचा फिल्टर ७७ मिमीचा म्हणून कुरकुरला, कारण मोठा फिल्टर महाग पडतो. बजेटमधून उरलेल्या पैशांत फ्लॅश आणि एक जास्तीची बॅटरी बसली, जी बॅटरी लोक नेहमी विसरतात. पहिलं काम अणदूरच्या एका लग्नाचं झालं. त्याने मला हळदीचे फोटो पाठवले, त्यात नवरीच्या आजीचा एक आहे, ५० मिमी, एफ/२.८, १/१००. आजी हसतेय आणि हात कॅमेऱ्याकडे आलाय, बहुतेक त्याला हळद लावायला.

१८-३०० चं खूळ अजून पूर्ण उतरलेलं नाही. कालच विचारत होता, "दादा, ७०-३०० तर घेऊ की दिवाळीला?" म्हटलं, आधी काकूंचे हप्ते फिटू देत.